पत्ता बदललेला कर्करोग

१९७०च्या दशकात पामर बीसली हे अमेरिकन साथरोगतज्ज्ञ तैवानमध्ये तळ ठोकून होते. त्यांना एका संशयाचा निकाल लावायचा होता आणि त्यासाठी त्यांनी निवडले ते सरकारी नोकर. यात मोठी हुशारी होती. सरकारी नोकराचा विमा असतो, त्याचा दवाखाना ठरलेला असतो आणि तो गेला तर कशाने गेला, याची नोंद कुठल्या तरी फायलीत होतेच. अशा २२,७०७ पुरुषांचं रक्त तपासलं गेलं. ३,४५४ जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूचा मुक्काम आढळला. उरलेले १९,२५३ त्यातून मोकळे होते. मग वाट पाहणं आलं. पुढच्या काही वर्षांत या सगळ्यांतले ४१ जण यकृताच्या कर्करोगाने दगावले. त्यांतले ४० विषाणूवाल्या छोट्या गटातले निघाले. मोठ्या गटातला एक.

१९८१ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. विषाणू बाळगणाऱ्याला धोका २२३ पट, असा तो हिशेब होता. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं जगाच्या गळी उतरवताना जे आकडे कामी आले, ते वीसएक पटींच्या घरातले होते. इथे दोनशेच्या वर! कर्करोगाच्या अभ्यासात इतकं उघडंवाघडं कारण क्वचितच हाती लागतं.

बहुतेक कर्करोगांत ‘मलाच का?’ या प्रश्नाला डॉक्टरांकडे नेमकं उत्तर नसतं. यकृताचा कर्करोग इथे वेगळा पडतो. (यकृतात उगम पावलेल्या कर्करोगाबद्दल मी बोलतो आहे, आतड्यातून किंवा स्तनातून यकृतात पसरलेला तो वेगळा विषय.) त्याचं कारण बहुतेक वेळा सांगता येतं. विषाणू, बुरशी, दारू, चरबी यांपैकी काहीतरी आधी येऊन, वर्षानुवर्षं तिथे राहून गेलेलं असतं. २०२२ साली जगात या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि साडेसात लाखांहून जास्त माणसं त्याने मेली. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत, यावरूनच कळतं की तो बहुधा उशिरा सापडतो. आणि गेल्या पन्नास वर्षांत त्याला पकडण्याची जी जी युक्ती माणसाने शोधली, ती त्याचं कारण आधीच माहीत आहे, या गृहीतावर उभी आहे. आता कारणच जागा बदलू लागलं आहे. मला यातली गुंतागुंत विलक्षण वाटते, म्हणून हा लेख.

हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला तो त्याला शोधायला कोणी निघालं नसताना. बरुच ब्लुमबर्ग यांना माणसामाणसांच्या रक्तातली प्रथिनं आनुवंशिकतेने कशी वेगळी असतात, हे बघायचं होतं. ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं, अशा रुग्णांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग त्यांचं रक्त घ्यायचं आणि जगभरच्या नमुन्यांशी त्याची गाठ घालून द्यायची, अशी त्यांची पद्धत. १९६३ साली न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाच्या रक्ताने ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताला प्रतिसाद दिला. त्या गूढ पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणू लागले. तो विषाणूचा बाहेरचा अंगरखा होता, हे उमगायला आणखी काही वर्षं गेली. १९७६ साली ब्लुमबर्गना नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन झाला आणि भारताचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ साली त्याच तारखेला सुरू झाला.

आपल्याकडे या आजाराला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. विषाणू कायमचा बाळगणाऱ्या बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होत नाहीत. त्यांना काहीच होत नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर शंभरातले पंचाण्णव जण त्याला परतवून लावतात. जन्मताना आईकडून बाळाला झाला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो ठाण मांडतो, कारण त्या कोवळ्या शरीराला परका कोण हे अजून ओळखता येत नसतं. मग तीस-चाळीस वर्षं विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, आपल्या डीएनएचे तुकडे पेशीच्या डीएनएमध्ये घुसवत राहतो. त्यातला एखादा तुकडा पेशीचं म्हातारपण लांबवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसला, तर त्या पेशीला मरणाचा विसर पडतो. म्हणून बाळाला पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. त्यात घाई नाही, हिशेब आहे.

तैवानने १९८४च्या जुलैत नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. मे-ह्वेई चांग या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी पुढे मुलांमधल्या यकृत-कर्करोगाच्या नोंदी चाळत राहिले. ६ ते १४ वर्षांच्या मुलांत लसीपूर्वी हे प्रमाण लाखात ०.७० होतं, १९९० ते १९९४ या काळात ते ०.३६वर आलं. मुलांत हा कर्करोग मुळात दुर्मीळ, त्यामुळे आकडे चिमुकले दिसतात. पण लस टोचून माणसाचा कर्करोग टळतो, याचा हा पहिला पुरावा होता. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ही लस देशात बनवली, पुढे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही त्यात उतरली आणि किंमत घसरली. सरकारी लसीकरणात मात्र ती २००२ साली काही ठिकाणी आणि २०११च्या सुमारास देशभर आली. म्हणजे लस घेऊन वाढलेली आपली पहिली मोठी पिढी आज शाळा-कॉलेजात आहे. या कर्करोगाच्या वयाला ती पोचेल तेव्हा २०५० जवळ आलेलं असेल.

आता दुसरा आरोपी. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी पटापट मरू लागले. लाखभर पक्षी गेले आणि रोगाचं नाव कळेना. तपास पोचला त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. तिच्यावर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती आणि तिने एक विष सोडलं होतं. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. अतिनील प्रकाशात त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. इतकं देखणं विष विरळाच.

भारताने याचं उग्र रूप १९७४ साली पाहिलं. गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात मक्याच्या काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. कणसं भिजली, नीट वाळली नाहीत, तशीच साठवली गेली. दीडशेहून जास्त गावांत पोट फुगून कावीळ झालेली माणसं दिसू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पथकाने ३९७ रुग्ण मोजले. त्यांतले शंभराहून जास्त दगावले. घरातला मका खाणारी कुत्रीही मेली होती. रोग आदिवासी घरांमध्ये एकवटला होता, कारण तिथे ताटात दुसरं काही नव्हतं. बुरशीचा मका टाकून द्यायला आधी घरात चांगलं धान्य असावं लागतं.

तो झटक्याचा विषप्रयोग होता. कर्करोगाची वाट संथ असते. रोज थोडं थोडं विष पोटात गेलं की यकृत ते निकामी करायला घेतं, आणि त्या प्रक्रियेतच ते डीएनएला चिकटणाऱ्या रूपात बदलतं. साफसफाईचं कामच अंगाशी येतं. १९९१ साली ‘नेचर’मध्ये एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक चीनमधल्या चिदोंगच्या गाठींवर, दुसरा आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या गाठींवर. दोघांनाही तेच दिसलं. पेशींच्या बेलगाम वाढीला आवर घालणाऱ्या ‘टीपी ५३’ या जनुकात, २४९ क्रमांकाच्या त्याच जागी, तीच एक चूक. हजारो मैलांवरच्या दोन प्रदेशांतली, एकमेकांची भाषाही न जाणणारी माणसं, आणि त्यांच्या गाठींत अक्षर चुकलेलं ते एकाच ठिकाणी! दोन्हीकडच्या साठवलेल्या धान्यात हे विष होतं. माणसाने वीस वर्षांपूर्वी काय खाल्लं, हे त्याच्या गाठीतून वाचता येतं, ही गोष्ट मला आजही अंगावर काटा आणते.

असे ठसे आणखी आहेत. २०१७ साली तैवानमधल्या ९८ यकृत-गाठींचा डीएनए वाचला, तेव्हा ७८ टक्के गाठींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाचा ठसा मिळाला. ते येतं काही पारंपरिक वनौषधींतून. आपल्याकडची ईश्वरी ही वेल त्याच कुळातली. झाडपाल्याचं औषध कधी बाधत नाही, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

कारणं एकेकटी येत नाहीत. शांघायमध्ये १८,२४४ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांना धोका ३.४ पट होता, नुसता विषाणू असलेल्यांना ७.३ पट. दोन्ही असलेल्यांना किती? बेरीज केली तर दहाच्या आसपास यायला हवा. आला ५९.४ पट. एकाने पेशींना सतत मरायला आणि पुन्हा जन्मायला लावायचं, दुसऱ्याने त्या घाईत नकलेत चुका पेरायच्या, अशी ही भागीदारी.

यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या त्याच चिदोंगमध्ये पुढे एक अनपेक्षित प्रकार घडला. १९८०च्या दशकात धान्यबाजार खुला झाला आणि मका खाणारे लोक भात खाऊ लागले. अफ्लाटॉक्सिन पोटात जाणं जवळपास थांबलं. पुढच्या काळात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तिथे घटले आणि ही घट लसीच्या आधी जन्मलेल्यांतही दिसली. विषाणू त्यांच्या रक्तात होता तसाच होता. ताट बदललं होतं.

हिपॅटायटिस सी या तिसऱ्या आरोपीची गोष्ट सांगायला इजिप्तला जावं लागतं. नाईल नदीच्या काठी शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा उपद्रव पिढ्यानपिढ्या होता. सरकारने १९५०च्या दशकापासून गावोगाव मोहिमा काढून लोकांना अँटिमनीच्या एका क्षाराची इंजेक्शनं दिली. हेतू चांगला, औषध लागू पडणारं, पण काचेच्या सिरिंजा त्याच त्या, घाईघाईत उकळलेल्या. त्यांतून एक अनामिक विषाणू एका दंडातून दुसऱ्या दंडात जात राहिला. अनामिक अशासाठी, की त्याला १९८९पर्यंत कोणी ओळखलंच नव्हतं. ‘ए नव्हे आणि बीही नव्हे’ एवढीच त्याची ओळख. हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना त्याच्या शोधासाठी २०२० साली नोबेल मिळालं, तोवर त्याच्यावर गोळ्याही निघाल्या होत्या: बारा आठवडे, बहुतेकांना एकच गोळी रोज, आणि शंभरातले पंचाण्णव बरे. भारतीय कंपन्यांनी त्या स्वस्तात बनवल्या. इजिप्तने २०१८च्या ऑक्टोबरपासून सात महिन्यांत जवळपास पाच कोटी माणसांचं रक्त तपासलं आणि सापडलेल्यांना मोफत औषध दिलं. ज्या सरकारच्या सुयांनी रोग पसरला, त्याच सरकारने तो दारोदार जाऊन शोधला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशी परतफेड दुसरी मला माहीत नाही.

तर विषाणूंवर लस आहे, औषध आहे, धान्याची तपासणी आहे. आलेख खाली यायला हवा. काही देशांत तो येतोही आहे. पण जपानमध्ये एक चमत्कारिक फेरबदल दिसला. १९९१ साली तिथल्या यकृत-कर्करोगाच्या दर दहा रुग्णांत एकाकडे दोन्ही विषाणूंपैकी एकही नसायचा. २०१०पर्यंत असे रुग्ण चारांत एक झाले.

हे नवे लोक कोण? त्यांचा धागा १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सापडतो. यर्गेन लुडविग हे तिथले विकृतीतज्ज्ञ. त्यांच्याकडे वीस रुग्णांच्या यकृताचे नमुने होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चरबीने फुगलेल्या, सूज, व्रण, सगळं काही जुन्या दारुड्याच्या यकृतासारखं. आणि हे रुग्ण तर दारू पीत नव्हते. बहुतेक स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. लुडविग यांनी या आजाराला नाव दिलं, पण पुढची वीसेक वर्षं तो चिल्लर समजला गेला. ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ असं सोनोग्राफीच्या कागदावर यायचं, डॉक्टर म्हणायचे वजन कमी करा, आणि कागद कपाटात जायचा. अजूनही जातो.

त्याला चिल्लर समजण्यामागे एक झकास फसवणूक होती. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी आखडलेल्या यकृतांमध्ये काही अशी असायची की कारणच सापडू नये. ना विषाणू, ना दारू. वैद्यकशास्त्र त्यांना ‘अज्ञात कारणाचा सिरॉसिस’ म्हणून बाजूला ठेवायचं. नंतर लक्षात आलं की यांतल्या कित्येकांना पूर्वी मधुमेह होता, वजन जास्त होतं. यकृत पुरतं आखडलं की त्यातली चरबी ओसरते. गुन्हा पूर्ण झाला की पुरावा आपोआप नष्ट! इतकी वर्षं डॉक्टर चरबी गेलेल्या यकृतात चरबी शोधत होते.

भारतात या कथेला पुण्याहून एक उपकथानक जोडलं जातं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी भरली, पण कमी पडलं होतं ते स्नायूंत. चरबी त्यांनी राखून ठेवली होती. पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या एका पाहणीत फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण लठ्ठही नव्हते आणि त्यांचं पोटही सुटलेलं नव्हतं. देशभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज २०२२ साली झाली. तीत भारतीय प्रौढांमधलं फॅटी लिव्हरचं प्रमाण ३८.६ टक्के निघालं. म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसलेल्या दर पाचांत जवळजवळ दोघे.

चरबीपासून गाठीपर्यंतची वाट यकृताच्या सगळ्यांत अचाट गुणातून जाते. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन तृतीयांश यकृत कापून काढलं. आठ-दहा दिवसांत ते पुन्हा मूळच्या वजनाचं झालं. माणसाचंही वाढतं, जरा सावकाश. चरबीने गुदमरलेल्या पेशी मरतात, शेजारच्या पेशी दुभंगून जागा भरतात, पुन्हा मरतात, पुन्हा भरतात. प्रत्येक वेळी डीएनएची नकल, आणि प्रत्येक नकलेत चुकीला वाव. पुन्हा उगवण्याची ही ताकदच पुढे घात करते. त्यात दारूची भर पडली तर दोघी एकमेकींना हात देतात. ‘मी थोडीच घेतो’ म्हणणाऱ्या मधुमेह्याच्या बाबतीत ‘थोडी’चा अर्थ बदलतो.

मात्र विषाणूंना निरोप द्यायची घाई नको. २०२५च्या लॅन्सेट आयोगाच्या अंदाजानुसार २०२२मधल्या यकृत-कर्करोगांत हिपॅटायटिस बीचा वाटा ३९ टक्के आणि सीचा २९ टक्के होता. चरबीमुळे होणाऱ्यांचा वाटा तेव्हा ८ टक्के, तो २०५०पर्यंत ११ टक्क्यांवर जाईल. वाढ छोटी वाटते. ती निदानाची सगळी घडी कशी विस्कटते, ते आता बघू.

यकृताच्या आतल्या भागाला दुखण्याच्या नसा नाहीत. त्या आहेत बाहेरच्या आवरणात. गाठ आवरणापर्यंत पोचेस्तोवर माणसाला पत्ता लागत नाही. रक्ताचे नेहमीचे अहवालही बराच काळ ठीकठाक येतात. म्हणून तिची चाहूल घ्यायला आडमार्ग शोधावे लागले. १९६३ साली मॉस्कोत गॅरी अबेलेव यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात एक असं प्रथिन सापडलं, जे एरवी फक्त गर्भात असतं. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांनी ते यकृताचा कर्करोग झालेल्या माणसात दाखवलं. हेच ते अल्फा-फीटोप्रोटीन, अहवालावरचं ‘एएफपी’. आईच्या पोटातल्या बाळाचं यकृत ते भरभरून बनवतं. बाळ वर्षाचं होईपर्यंत ते जवळपास बंद होतं. आणि पन्नास-साठ वर्षांनी एक पेशी बिघडते, आपण यकृताची मोठी झालेली पेशी आहोत हे विसरते, आणि गर्भातलं काम पुन्हा सुरू करते. केवढी विलक्षण कल्पना! व्यवहारात मात्र ही खूण लहरी आहे. बऱ्याच छोट्या गाठी एएफपी बनवतच नाहीत, आणि विषाणूची नुसती सूज आली तरी ते वाढतं.

खरी करामत केली ती रक्तवाहिन्यांच्या नकाशाने. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेतून, उरलेलं थेट हृदयाकडून धमनीतून. एखाद्या घरात विहिरीचं पाणीही असावं आणि नगरपालिकेचा नळही, तसं. निरोगी यकृत मुख्यतः विहिरीवर चालतं. कर्करोगाची गाठ मात्र वाढता वाढता स्वतःसाठी नळाची जोडणी घेते, विहिरीला शिवत नाही. आता सीटी स्कॅन करताना हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडा आणि घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटाच्या सुमारास ते धमनीतून यकृतात पोचतं. त्या क्षणी गाठ उजळते आणि भोवतालचं यकृत फिकं असतं. मिनिटभराने पोर्टल शिरेतून रंगद्रव्य येतं, यकृत उजळतं आणि गाठ काळवंडते. आधी उजळ, मग काळी. एवढं दिसलं की झालं निदान. सुई नाही, तुकडा नाही, सूक्ष्मदर्शक नाही.

कर्करोगाचं निदान तुकडा तपासल्याशिवाय करायचं नाही, हा वैद्यकातला जवळजवळ धर्मनियम. युरोपीय यकृततज्ज्ञांनी २००१ साली तो या एका कर्करोगासाठी शिथिल केला. त्याला व्यवहाराचीही बाजू होती: सिरॉसिसच्या रुग्णात सुई घातली की रक्तस्रावाची भीती, आणि क्वचित सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडण्याचीही.

आता यातली मेख. हा नियम चालतो तो सिरॉसिस असलेल्या किंवा हिपॅटायटिस बी बाळगणाऱ्या माणसातच. अगदी तेच चित्र, तीच उजळून काळवंडणारी गाठ, निरोगी यकृतात दिसली तर ती दुसरीच काही असू शकते: निरुपद्रवी गाठ, किंवा दुसऱ्या अवयवातून आलेली. यंत्र तेच, छायाचित्र तेच; एका माणसात तो निकाल, दुसऱ्यात नुसता संशय. चित्राचा अर्थ चित्रात नसतो, तो माणसाच्या पूर्वेतिहासात असतो. आणि फॅटी लिव्हरचा कर्करोग नेमका इथे घाव घालतो, कारण तो बऱ्याचदा सिरॉसिस व्हायच्या आधीच उगवतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २०१८ साली झालेल्या मोठ्या अभ्यासात फॅटी लिव्हरमुळे कर्करोग झालेल्यांपैकी पाचांत एकाला सिरॉसिस नव्हता. त्यांच्या बाबतीत पुन्हा सुई हातात घ्यावी लागते.

शोधमोहिमेचंही तसंच. शांघायमध्ये १८,८१६ लोकांवर चाचणी झाली. हिपॅटायटिस झालेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करायला लावलं, तेव्हा मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले. सहा महिन्यांचं ते वेळापत्रक जगभर गेलं. तिथे यादी तयार होती: रक्तात विषाणू आहे का, बघा आणि बोलवा. फॅटी लिव्हरवाल्याची यादी कुठून आणणार? भारतात ती मतदारयादीच्या जवळजवळ दोन पंचमांशाएवढी होईल. शिवाय चरबी ध्वनिलहरी शोषून घेते आणि विखुरते, त्यामुळे ज्याच्या यकृतात गाठ शोधायची, त्याच्याच यकृतात सोनोग्राफी धूसर दिसते.

म्हणून आता आधी गाठ न शोधता यकृताचा कडकपणा मोजतात. फायब्रोस्कॅन हे यंत्र बरगड्यांच्या फटीतून यकृताला हलका धक्का देतं आणि आतून लहर किती वेगाने जाते, ते पाहतं. मऊ यकृतात ती रेंगाळते, कडक यकृतात धावते. त्याहून स्वस्त म्हणजे ‘फिब-४’ हा अंक: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, एवढ्या चार गोष्टी एका सूत्रात घालायच्या. त्या बहुतेक मधुमेह्यांच्या फायलीत आधीपासून पडलेल्या असतात. अंक १.३च्या खाली आला तर तूर्त निर्धास्त. वर आला तर फायब्रोस्कॅन. पासष्टीपुढच्यांसाठी ही रेघ २ला ओढतात. गंमत अशी की २००६ साली हे सूत्र बनवलं गेलं ते एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी. विषाणूंच्या काळातलं हत्यार चरबीच्या कामी आलं.

एवढं करूनही गणित चोख सुटत नाही. माजी सैनिकांच्या त्याच अभ्यासात, फॅटी लिव्हर आणि सिरॉसिस दोन्ही असलेल्यांत वर्षाला हजारी दहाहून जास्त जणांना कर्करोग झाला. त्यांना सहामाही सोनोग्राफीला बोलावणं परवडतं आणि बोलावतातही. सिरॉसिस नसलेल्यांत हेच प्रमाण लाखाला आठ. त्या आठांसाठी लाखभर लोकांच्या वर्षाला दोन म्हणजे दोन लाख सोनोग्राफ्या कोणताच देश करणार नाही, आणि कोणतीच मार्गदर्शक सूचना तसं सांगतही नाही. पण भारतात फॅटी लिव्हर असलेले कोट्यवधी आहेत. लाखाला आठ या दरानेही ते रुग्ण दरवर्षी हजारोंच्या घरात जातील. सध्याच्या चाळणीतून ते निसटतात. त्यांना आधीच कसं ओळखायचं, यावर आता आनुवंशिकतेच्या बाजूने काम चाललं आहे. २००८ साली अमेरिकेत डॅलसमधल्या संशोधकांना ‘पीएनपीएलए ३’ या जनुकात एका अक्षराचा फरक सापडला, जो असला की यकृतात चरबी जास्त साठते. आई आणि वडील दोघांकडूनही तो मिळाला असेल तर कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. असे चार-पाच फरक, फिब-४चा अंक, मधुमेह आणि वय यांची मोट बांधून लाखातले ते आठ जण आधीच कोणत्या शे-दोनशेंत असतील, एवढं जरी सांगता आलं, तरी सोनोग्राफीची दुसरी यादी तयार करता येईल.